कंट्रोलर नंतर, आधी डायल लाव

मित्रा, जुन्या सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मिलिंग मशीनसाठी नवा कंट्रोलर, म्हणजे तिला चालवणारा मेंदू, मागवायची घाई करू नकोस. आधी टेबलला डायल (सुईनं बारीक हालचाल दाखवणारं मापयंत्र) लाव आणि दोन्ही बाजूंनी बॅकलॅश, म्हणजे दिशा उलटताना वाया जाणारी हालचाल, मोज. सुई १० मायक्रॉन (मिलिमीटरचा शंभरावा भाग) खात असेल तर उत्तम. १०० खाल्ले, तर टेबल सरकवणाऱ्या बॉलस्क्रूचा नट नाहीतर बेअरिंग गेलंय. सॉफ्टवेअरमधलं कॉम्पेन्सेशन (ती तूट आकड्यांनी भरून काढणं) त्यावर इलाज नाही. क्लाइम्ब मिलिंगमध्ये, म्हणजे कटरचे दात टेबल सरकतं त्याच दिशेनं कापतात तेव्हा, कटर त्या ढिलाईतून टेबल ओढतोच.

जुने सर्वो (टेबल हलवणाऱ्या मोटरी) आणि त्यांना वीज देणारे ड्राइव्ह धड असतील तर ठेव. ड्राइव्ह अधिक-उणे १० व्होल्टच्या सिग्नलवर चालणारे असतील तर लिनक्ससीएनसी हे मोफत कंट्रोल सॉफ्टवेअर आणि मेसाचं ७आय७७ कार्ड त्यांना चालवतं. वायर कापण्याआधी प्रत्येकीला नंबर लाव. मी लावले नव्हते; होम स्विचच्या (मशीनला सुरुवातीची जागा दाखवणाऱ्या स्विचच्या) दोन वायरी शोधण्यात आठवडा गेला.

आणि इमर्जन्सी स्टॉप सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडू नकोस. बटण दाबलं की कॉन्टॅक्टरनं (विजेच्या मोठ्या रिलेनं) ड्राइव्हची पॉवर थेट तोडली पाहिजे.