पत्र्याखाली तापलेली बॅटरी

प्रश्न : ताई, मुलाने मार्चमध्ये बॅटरीवरची स्कूटर घेतली. केळीच्या बागेतून दुपारी एकला येतो, पत्र्याच्या शेडमध्ये गाडी लावून लगेच चार्जिंगला टाकतो. सीटखाली हात लावला तर चटका बसतो. दुकानदार म्हणतो, 'एलएफपी प्रकारची बॅटरी आहे, पेटतच नाही.' मी बॅटरीवर ओलं फडकं टाकते. बरोबर करते का?
— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : ताई, आधी ते फडकं काढा. कनेक्टरमध्ये पाणी उतरलं तर गंज चढतो, शॉर्टही होऊ शकतं. काळजी मात्र तुमची खरी आहे. पुष्कळ लिथियम सेलच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात : वापर ६० अंशांपर्यंत, चार्जिंग ४५ पर्यंत. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतली हवाच ४५ गाठते, पत्र्याखालचं तर विचारूच नका.

प्रयोगशाळेत असताना पूर्ण चार्ज केलेला सेल मी पहिल्यांदा आर्गॉन वायूच्या बंद पेटीत उघडला (घरी हे कधीही करू नका). आत काळं ग्रॅफाइट असेल असं वाटलं होतं. निघालं सोनेरी, दागिन्यासारखं. लिथियम पोटभर भरलं की ग्रॅफाइटला हा रंग चढतो. त्याला लागून पांढरा पडदा, जेमतेम वीस-पंचवीस मायक्रॉन जाडीचा, आणि पलीकडे दुसरा इलेक्ट्रोड, म्हणजे सेलचं दुसरं टोक. सगळं भिजलेलं असतं ते पेट घेणाऱ्या द्रावात.

त्या सोनेरी ग्रॅफाइटवर द्रावापासूनच एक साय धरते. ती आहे म्हणून ग्रॅफाइट आणि द्राव या दोघांचं जमतं. पन्नासेक अंशांत ती झिजते, पुन्हा धरते आणि दर वेळी थोडं लिथियम खाते. त्यामुळे एका चार्जवर गाडी हळूहळू कमी पळू लागते. नव्वदच्या पुढे साय मोडते आणि सेल स्वतःहून तापू लागतो. १३० च्या सुमारास पॉलिथिलीनचा पडदा वितळतो, मग आतल्या आत शॉर्ट. नुसत्या उन्हाने इतकं तापत नाही. दबलेला सेल, भलताच चार्जर किंवा ढिला जोड तिथवर नेतो.

दुकानदाराचं अर्धंच खरं. एलएफपी म्हणजे लिथियम लोह-फॉस्फेट, त्या दुसऱ्या इलेक्ट्रोडचा पदार्थ. संशोधक जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये पुढे आणलेल्या या पदार्थात फॉस्फरसने ऑक्सिजन घट्ट धरलेला असतो. निकेल-कोबाल्टच्या सेलमधून तापल्यावर तो सुटतो आणि आग भडकवतो, तसा इथे सहज सुटत नाही. आपल्या उन्हात मीही एलएफपीच घ्या म्हणेन. पण द्राव तसाच ज्वलनशील. भरताचं वांगं भाजण्याआधी आपण टोचतो ना, वाफ निघायला? तशी सेललाही वायू सोडायची सोय असते, आणि त्या वायूला ठिणगी लागली की तो पेटतो.

मुलाला सांगा, दुपारी गाडी निंबाखाली लाव. चार्जिंग पहाटे चारला, बागेला पाणी द्यायला उठता तेव्हा; रात्रभरात बॅटरी निवलेली असते आणि घरात कुणीतरी जागं असतं. कंपनीचाच चार्जर वापरा. गाडी मोकळ्या ओट्यावर ठेवा, दाराच्या तोंडाशी नको.

बॅटरी फुगली, फुसफुस ऐकू आली किंवा गोडसर उग्र वास आला, तर सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा. चार्जर काढायलाही परत जाऊ नका.