उत्तर येत नाही तेव्हा

बाप्तिस्म्याला वर्षही झालं नाही आणि आईच्या आजारासाठी केलेल्या प्रार्थनेला उत्तर नाही, म्हणून तू खचलीस. ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ असं कोणी म्हणालं असेल, तर ते अजिबात मनावर घेऊ नकोस. शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, निघावा म्हणून प्रेषित पौलाने देवाला तीनदा विनवणी केली. काटा राहिलाच, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढं ऐकायला मिळालं. गेथशेमाने बागेत तर खुद्द येशूने विनवूनही त्याचा दुःखाचा प्याला टळला नाही.

बायबलमधलं स्तोत्र 88 मोठ्याने वाच. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे देवापुढे केलेली तक्रारही प्रार्थनाच. मला ते फार जवळचं वाटतं.

हे ‘नाही’ आहे की ‘थांब’, ते घाईने ठरवू नकोस, योगायोगात चिन्हंही शोधू नकोस. 16व्या शतकातले ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला सांगतात, मन कोरडं पडलेलं असताना आधीचे निर्णय बदलू नयेत. तेव्हा चर्चची मंडळी सोडायचा विचार आत्ता नको. आणि आईची औषधं कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांशी बोल, मीही सोबत येते.