शनिवारी गाडी बघायला जाण्याआधी

कॉव्हेंट्री
रविवार, रात्र

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो चारदा पाहिले. जॅग्वार एक्सके, ४.२ लिटरचं व्ही-८ इंजिन, गडद हिरवा रंग, आत फिकट चामडं, ७८ हजार मैल, मागणी ११ हजार ५०० पौंड. तुझ्या बाबांचा फोनही येऊन गेला. मी तुझं मन वळवावं आणि तुला एखादी छोटी नवी हायब्रिड घ्यायला लावावी, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना सांगितलं की पोरीला गाडी मनापासून आवडली आहे आणि ही गोष्ट हलकी नाही. पहाटे सहाला अंधारात, रात्रपाळीनंतर सुजलेल्या डोळ्यांनी, ज्या वस्तूत जाऊन बसायचं ती आवडती असली तर फरक पडतो. तेव्हा हे पत्र तुला थांबवण्यासाठी लिहीत नाही. घेतलीस तर नीट पारखून घे, एवढंच मला हवंय.

आधी ही जात काय आहे ते समजून घे. 'ग्रान तुरिस्मो', थोडक्यात जीटी, हा इटालियन शब्द. १९५१ मध्ये लान्चियाने ऑरेलिया बी-२० काढली आणि तिच्या नावापुढे जीटी ही अक्षरं लावली, तिथपासून ती सगळीकडे पसरली. दोन माणसं, त्यांचं सामान, दिवसभराचा वेगातला प्रवास आणि उतरल्यावर पाठ शाबूत, हे या गाडीचं काम. स्पोर्ट्‌स कार वेगळी, ही वेगळी. इंजिन मोठं असतं ते ७० मैलांच्या वेगाला त्याला दम लागू नये म्हणून. तापावं आणि मग तासन्‌तास तापलेलंच राहावं, अशा हिशेबाने ते घडवलेलं असतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न गाडीबद्दल नाहीच, तुझ्या दिवसाबद्दल आहे. तू लेस्टरहून कॉव्हेंट्रीला एम-६९ मोटरवेने येतेस, एका वेळी साधारण २५ मैल. हे अंतर या गाडीला मानवतं. पण डिसेंबरात तू म्हणाली होतीस की हॉस्पिटलजवळच खोली बघतेय, दोन मैलांवर. तसं ठरणार असेल तर ही गाडी घेऊ नकोस. थंड इंजिन सुरू करायचं, दोन मैल जायचं, बंद करायचं. इंजिनातलं पाणी लवकर तापतं, तेलाला बराच जास्त वेळ लागतो. तेल तापायच्या आत गाडी थांबली की न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याचा अंश तेलातच राहतो, सायलेन्सर आतून गंजतो, बॅटरी कधी पूर्ण भरत नाही. १७ वर्षांत ३० हजार मैल झालेली शहरातली गाडी लोक हौसेने जास्त पैसे मोजून घेतात. मी मोटरवेवर ९० हजार मैल झालेली घेईन.

आता पैशाचं. हीच गाडी नवी असताना ६० हजार पौंडांच्या आसपास होती. तिची किंमत पाचव्या हिश्शावर आली, पण तिचे सुटे भाग आणि मेकॅनिकचा तास स्वस्त झाले नाहीत. हे मी स्वतः भोगून शिकलो. २०११ मध्ये मी एक मोठी दोन दारांची गाडी घेतली होती, कंपनीचं नाव कशाला घ्यायचं. सस्पेन्शन हायड्रॉलिक होतं. चालवायला इतकी सुंदर की एडिनबराहून आल्यावरसुद्धा खाली उतरावंसं वाटायचं नाही. नवव्या महिन्यात एका सकाळी पाहतो तर ती दारात एका कोपऱ्यावर बसलेली, पाय मोडलेल्या जनावरासारखी. दुरुस्तीचे २ हजार ८०० पौंड. तीन महिन्यांनी दुसरा कोपरा. हातचे सगळे पैसे गाडी विकत घेण्यातच घातले होते, त्यामुळे दुसऱ्या वेळी दुरुस्ती न करताच मिळेल त्या भावात विकली. गाडीपेक्षा तिची डागडुजी महाग, नाकापेक्षा मोती जड. तुझ्याकडे १५ हजार आहेत ना? मग १० च्या वर जाऊ नकोस आणि उरलेल्या ५ ला गाडीचेच पैसे समज, सुट्टीचे नाही.

पेट्रोलचा हिशेब मी मांडून पाहिला. वर्षाला १२ हजार मैल, गॅलनला २५ मैल धरले तर ४८० गॅलन, म्हणजे जवळपास २ हजार २०० लिटर. लिटरला १ पौंड ४० पेन्स धरलेस तरी ३ हजारांच्या पुढे. रोड टॅक्स वर्षाला ७०० पौंडांहून जास्त, कारण २३ मार्च २००६ नंतर नोंदलेल्या आणि इतका कार्बन सोडणाऱ्या गाड्या सर्वांत वरच्या पट्ट्यात जातात. आधीच्या मालकाने भरलेला टॅक्स तुला मिळत नाही, घरी आणण्यापूर्वी स्वतःचा भरावा लागेल. आणि विमा घेताना एक विसरू नकोस: तू आठवड्यातून एकदा दुसऱ्या हॉस्पिटलच्या क्लिनिकला जातेस. घर ते कामाची एकच जागा एवढ्याच वापराचा विमा त्या दिवशी चालणार नाही, बिझनेस यूज मागून घे. फोनवर पाच मिनिटांचं काम आहे.

तुझ्या यादीतल्या बाकीच्यांबद्दल थोडक्यात. बेंटले काँटिनेंटल जीटी, सहा लिटर, बारा सिलिंडर, दोन टर्बो: अप्रतिम गाडी, पण इंजिनाभोवती हात घालायला जागा नाही आणि कित्येक कामांसाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. शिवाय एअर सस्पेन्शन. तुझ्या पगारात नको. मासेरातीचा आवाज ऐकलास म्हणतेस. तो मीही ऐकलाय, आणि म्हणूनच सांगतो, त्या आवाजाच्या नादात सह्या करू नकोस. बीएमडब्ल्यू ६३५-डी इंधन वाचवेल, पण त्या काळातलं डिझेल युरो ६ या प्रदूषणाच्या मानकात बसत नाही. बर्मिंगहॅमच्या क्लीन एअर झोनमध्ये शिरलीस की दिवसाला ८ पौंड, लंडनच्या तशाच युलेझ झोनमध्ये १२ पौंड ५० पेन्स. तुझी मावशी बर्मिंगहॅममध्येच राहते. एक्सके पेट्रोलवरची, युरो ४, तिला दोन्हीकडे मोकळी वाट आहे.

एक्सकेकडे माझा ओढा आहे, तो लपवत नाही. मी पिंपरीला टाटांच्या टेल्कोत शिकाऊ म्हणून लागलेला माणूस. २००८ च्या जूनमध्ये टाटांनी फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरला घेतल्या, त्या दिवशी इथल्या सहकाऱ्यांना मी पेढे वाटले होते. तुझ्या फोटोतल्या पाटीवर ५८ आहे, म्हणजे गाडी सप्टेंबर २००८ नंतर नोंदलेली. तिचं डिझाइन फोर्डच्या काळातलं, पण रस्त्यावर आली ती टाटांच्या मालकीत. तयार झाली इथून जवळच, कॅसल ब्रॉमिचला, जिथे दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानं बनत. आणि सांगाडाही विमानासारखाच: सगळा ॲल्युमिनियमचा, रिव्हेट मारून आणि चिकटवून जोडलेला. त्यामुळे ती हलकी आहे आणि पोलादी गाडीसारखी सडत नाही. मात्र कुठे जोरात ठोकली गेली असेल तर ॲल्युमिनियमची दुरुस्ती सगळ्यांना जमत नाही. रंगाखाली फोड आलेत का, विशेषतः चाकांच्या कमानींवर, ते हात फिरवून बघायचं. पुढची सबफ्रेम, म्हणजे खालची आधाराची चौकट, पोलादी आहे आणि तीच गंजते.

त्या ४.२ च्या इंजिनावर माझा विश्वास आहे. आधीच्या एक्सके-८ ला सिलिंडरच्या अस्तराचा आणि प्लॅस्टिकच्या चेन टेन्शनरचा त्रास होता, तो या गाडीच्या आधीच मिटला. नंतरचं पाच लिटर ताकदवान, पण सुरुवातीच्या काही वर्षांच्या इंजिनांत टायमिंग चेनची कुरकुर निघते. स्प्रिंगा साध्या पोलादी आहेत, एअर नाही, हायड्रॉलिक नाही, आणि २०११ च्या अनुभवानंतर मला याचंच फार महत्त्व वाटतं. गिअरबॉक्स झेडएफचा सहा गिअरचा. गाडीच्या कंपनीने म्हटलं की याचं तेल जन्मभर बदलायचं नाही. गिअरबॉक्स बनवणारे स्वतः सांगतात, ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदला. ७८ हजार मैल म्हणजे सव्वा लाख किलोमीटर झाले. या एका तेलाची पावती फाइलमध्ये सापडली, तर मालक स्वतःहून वाचणारा, विचारणारा माणूस आहे असं समज. बाकी शंभर सर्व्हिस शिक्क्यांपेक्षा मी त्या पावतीला मान देतो.

मागच्या सीटवर माणूस बसत नाही, पिशव्या बसतात. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की तिघांनी मिळून देवळात जाणं या गाडीतून होणार नाही, हे त्यांना आत्ताच सांगून ठेव.

आता मुख्य गोष्ट. जुनी गाडी घेताना आपण खरं तर आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेतो. पाटीचा नंबर टाकून मी सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, इतिहास काढला, फुकट मिळतो, तूही काढ. २०१९ ला ६१ हजार २०० मैल. २०२० ला ६१ हजार ९००. २०२१ ला ६२ हजार ३००. म्हणजे दोन वर्षांत गाडी ११०० मैल चालली. बराच काळ उभी होती. कोविडचे दिवस होते हे खरं, पण ती कुठे उभी होती, गॅरेजमध्ये की पावसात, हे विचार. उभ्या गाडीच्या डिस्क गंजतात, रबरी सील सुकतात, बॅटरी मरते. या गाडीत बॅटरी कमजोर झाली की हँडब्रेक आणि गिअरबॉक्सचे खोटे इशारेसुद्धा पडद्यावर येतात, आणि लोक घाबरून नको तिथे खर्च करतात. त्यानंतर आजपर्यंत जवळपास १५ हजार ७०० मैल झालेत. हे मला आवडलं, गाडी पुन्हा रस्त्याला लागली.

पण २०२३ च्या शेऱ्यात लिहिलंय: मागचे टायर झिजत आलेत. २०२४ ला तीच ओळ. एमओटीत शेरा म्हणजे नापास नव्हे, पण वर्षभर ती सूचना डोळ्यासमोर असून टायर बदलले नाहीत. २० इंची चाकं आहेत, मागे २८५ रुंदीचे टायर, स्वस्त नाहीत, मान्य. तरी जो माणूस टायरला वर्षभर थांबतो, तो गिअरबॉक्सच्या तेलाला किती थांबला असेल? चारही टायर एकाच चांगल्या कंपनीचे आहेत की दोन महाग आणि दोन मिळतील ते, हे बघितलंस की पुष्कळ कळेल. सबफ्रेमच्या गंजाचा शेराही दोनदा आहे. तिथे मी आडवा होऊन बघणार आहे.

आता कागदपत्रांचं सांगतो. लॉगबुकवर नाव असणं म्हणजे मालकी नव्हे, ते त्याच्यावरच छापलेलं असतं. कर्ज शिल्लक आहे का आणि विम्याने कधी ती नुकसान झाल्यामुळे निकालात काढून एस किंवा एन वर्गात टाकली होती का, याची पैसे देऊन तपासणी करून घे. २०१७ च्या ऑक्टोबरआधी त्यांच्या जागी सी आणि डी वर्ग होते. हा विक्रेता खासगी माणूस आहे. डीलरकडून घेतलं असतंस तर दोष निघाल्यास ३० दिवसांत परत करता आलं असतं. इथे ते संरक्षण नाही. म्हणून आपण आधीच एका स्वतंत्र जॅग्वार गॅरेजला दाखवायचं. ब्राउन्स लेनचं गाड्यांचं उत्पादन २००५ मध्ये बंद झालं, पण तिथे हात बसलेली माणसं अजून याच शहरात छोटी गॅरेजं चालवतात. त्यांच्या दोन तासांचे पैसे देताना हात आखडू नकोस.

शनिवारी दहाची वेळ ठरव. विक्रेत्याला नम्रपणे कळव की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर पहिली गोष्ट, बॉनेटवर तळहात ठेव. गरम लागलं तर चहा मागू आणि तासभर बसू, पण थंड असतानाच सुरू करायला लावू. पहिल्या दहा सेकंदांत तू बोलू नकोस, त्यालाही बोलू देऊ नकोस, फक्त ऐक: साखळीची खडखड आहे का, मागून निळा धूर निघतो का. मग ब्रेकवर पाय ठेवून रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाक, धक्का बसतो का बघ. रस्त्यावर २० ते ३० मैलांच्या दरम्यान हलक्या पायाने चालव. गाडी खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी थरथरली तर मला सांग. त्यानंतर एम-१ वर वीस मिनिटं ७० ने, रेडिओ बंद. दोन किल्ल्या मागून घे, दोन्हींनी दार उघडून बघ.

सगळं ठीक निघालं तर ९ हजार ८०० म्हण आणि टायर व सबफ्रेमचे शेरे त्याच्यासमोर ठेव. तो १० हजार २०० पर्यंत आला तर घे, तेवढे वरचे २०० मी तुला क्षमा करीन. त्याहून वर अडला तर आपण आभार मानून निघू, आणि वाटेत तुझा चेहरा पडला तरी मी गाडी परत वळवणार नाही, हे आजच सांगून ठेवतो.

मी सव्वानऊला तुझ्या दारात असेन. टॉर्च आणि खाली अंथरायची जुनी सतरंजी माझ्याकडे आहे. तू फाइलमधल्या पावत्या तारखेप्रमाणे लावून वाचायला घे, तेवढ्यात मी गाडीखाली जातो.

तुझा,
काका