यीस्टवर काम करून माणसाच्या म्हातारपणाबद्दल काय कळणार?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात एम.एस्सी. करताय, मार्गदर्शकांनी प्रकल्पासाठी यीस्ट सुचवलंय आणि घरचे म्हणतात, पाव फुगवणाऱ्या बुरशीतून म्हातारपणाचं काय कळणार! मी याच शहरात यीस्टवर काम केलंय. माझं ऐका, हा प्रकल्प सोडू नका.

यीस्टला ३० अंश मानवतं. एकदा ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी वीज गेली, इनक्युबेटर बंद पडला आणि माझं कल्चर, म्हणजे वाढवलेलं यीस्ट, चार तास तापत राहिलं. वाढ जवळपास थांबली होती. सगळं मेलं असं समजून रडकुंडीला आले होते. तरी थोडं प्लेटवर पसरून ठेवलं, आणि दोन दिवसांनी कॉलन्याच कॉलन्या, म्हणजे वाचलेल्या पेशींपासून वाढलेले ठिपके!

मधल्या वेळात पेशीने काय केलं, हाच तुमचा विषय. उष्णतेने प्रथिनांच्या घड्या विस्कटतात, ती एकमेकांत अडकून गोळा होतात. मग पेशी वाढीची कामं आवरती घेते आणि हीट शॉक प्रथिनं, म्हणजे अशा वेळी बाकीच्या प्रथिनांना सावरणारी प्रथिनं, भराभर बनवते. त्यातलं एचएसपी-१०४ तर गुंत्यातून एकेक प्रथिन ओढून सुटं करतं. (ही प्रतिक्रिया प्रथम दिसली तीही इनक्युबेटर चुकून जास्त तापल्यामुळेच. इटलीत शास्त्रज्ञ रितोसा यांनी फळमाशीत ती पाहिली आणि १९६२ मध्ये छापली.)

आता घरच्यांच्या प्रश्नाकडे. वाढायचं की डागडुजी करायची, हे ठरवण्यात टॉर नावाच्या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. खायला भरपूर असलं की ते वाढीला जोर देतं. उपासमार झाली की त्याचा जोर ओसरतो आणि पेशी आपलेच जुने भाग मोडून वापरू लागते. टॉरची जनुकं १९९१ मध्ये सापडली ती यीस्टमध्येच, आणि तेच प्रथिन तुमच्या-माझ्या पेशीतही आहे. त्याला रोखणारं रॅपामायसिन २००९ मध्ये ६०० दिवसांच्या, म्हणजे उतारवयाच्या उंदरांना दिलं, तर तेही जास्त जगले. म्हणून माणसाने ते घ्यावं असं मात्र मुळीच नाही. ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे.

यीस्टची एक मातृपेशी साधारण २०-३० कळ्या, म्हणजे अंगातून फुटणाऱ्या नव्या पेशी, देऊन थांबते. मायक्रोस्कोपखाली सुईने एकेक कळी बाजूला काढत हे मोजतात. फार चिकाटीचं काम आहे, पण एका पेशीचं अख्खं आयुष्य डोळ्यांसमोर सरतं. मला त्याचं वेड लागलं होतं.

सुरुवात मात्र सोप्या प्रयोगाने करा. दोन नळ्या घ्या. एक तासभर ३७ अंशांवर ठेवा, दुसरी ३० वर. मग दोन्ही काही मिनिटं ५० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवून प्लेटवर थेंब टाका. आधी थोडी तापवलेली कितीतरी जास्त तगते. फक्त हे डिसेंबर-जानेवारीत उरका. मे महिन्यात ३० अंशांची नळी बाकावर ठेवल्या ठेवल्या तापते, आणि तुलनेला काही उरतच नाही.