हंपीला पहिल्यांदा जाताय? एवढं लक्षात ठेवा

हंपी म्हणजे विजयनगर साम्राज्याची राजधानी. त्याच्या चार राजघराण्यांच्या वंशावळी सध्या बाजूला ठेवा. १३३६ ला साम्राज्याची स्थापना आणि १५६५ ची तालिकोटची लढाई, जिच्यात विजयनगर हरलं; सुरुवातीला इतकं पुरे.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- विठ्ठल मंदिरातल्या दगडी रथापाशी फोटो काढला की झालं, असं मानतात. ते मंदिर बघाच, पण राजधानी कळते ती राजवाड्याच्या आवारात. महानवमी दिब्ब्यावर, म्हणजे तिथल्या उंच दगडी चौथऱ्यावर चढा. शेजारच्या पायऱ्यांच्या पुष्करणीच्या दगडांवर कोरीव खुणा दिसतील. कुठला दगड कुठे बसवायचा, ते कारागिरांनी लिहून ठेवलंय! हजारराम मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवरचे हत्ती, घोडे, नर्तकी सावकाश बघा.
- एका दिवसात उरकतात. निदान दोन तरी द्या.
- भर उन्हात हिंडतात. दुपारी जेवा, झोपा.

आणि हो, विठ्ठल मंदिरातल्या संगीत खांबांतून टिचकी मारली की सूर निघतात, पण त्यांवर टिचक्या मारू नका.