हृदयाचा कॅन्सर खरंच होतो का, आणि तो ओळखतात कसा?

होतो, पण फार क्वचित. हृदयात सापडणाऱ्या कॅन्सरच्या बहुतेक गाठी फुफ्फुस, स्तन, त्वचा अशा दुसऱ्या ठिकाणाहून पसरून आलेल्या असतात. हृदयातच सुरू झालेल्या गाठींपैकीही बऱ्याचशा साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या निघतात. मोठ्यांमध्ये नेहमीची म्हणजे मिक्सोमा, बहुधा डाव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या कप्प्यात).

खरी अडचण लक्षणांची. धाप, छातीत धडधड, पायांवर सूज, हृदयाच्या आवरणात पाणी: यातलं काहीही साध्या हृदयविकारातही दिसतं, त्यामुळे कॅन्सरचा संशय उशिरा येतो. तपासणीची सुरुवात टूडी इकोने (हृदयाच्या सोनोग्राफीने) होते. गाठ नीट दिसली नाही तर अन्ननलिकेतून इको करतात. गाठ आहे की नुसती रक्ताची गुठळी, हे ठरवायला कार्डियाक एमआरआय फार उपयोगी. शरीरात इतरत्र काही आहे का, ते पेट (PET) स्कॅन सांगतो.

पक्कं निदान मात्र बायोप्सीनेच, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासूनच. उजव्या बाजूची गाठ (अँजिओसार्कोमा हा रक्तवाहिन्यांच्या पेशींचा कॅन्सर बहुतेकदा इथेच) शिरेतून नळी घालून तपासता येते. डाव्या बाजूला तुकडा सुटून मेंदूकडे जाण्याची भीती, म्हणून कधी थेट शस्त्रक्रियेत गाठ काढूनच तपासतात. आणि हो, आवरणातल्या पाण्यात कॅन्सरपेशी सापडल्या नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका. तो रिपोर्ट अनेकदा चकवतो.