कायदा असूनही बायका-मुलांवर हात उचलणं थांबत का नाही?

तुम्ही विचारलंय, मारणारा रागीट असतो म्हणून मारतो की समाज त्याला मुभा देतो? मीही आधी रागालाच दोष द्यायचे. पण तोच माणूस कामावर वरिष्ठांचं वाट्टेल ते ऐकून घेतो, तिथे त्याचा हात उठत नाही. कुणावर उचललेला खपतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

आणि खपवून घेणारे आपणच. लहानपणी शेजारून मारहाणीचे आवाज यायला लागले की आई टीव्हीचा आवाज वाढवायची. तिला ते पटत नव्हतं, त्या रात्री ती धड जेवायची नाही. पण 'नवरा-बायकोच्या मध्ये पडू नये' असंच सगळ्यांचं मत आहे, असं ती धरून चालली होती. खूप वर्षांनी कळलं, वरच्या मजल्यावरच्या काकूही तेच धरून चालल्या होत्या. भिंतीपलीकडच्या बाईने आमच्या गप्प बसण्याचा काय अर्थ लावला असेल!

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या दर ३ स्त्रियांपैकी साधारण एकीने आयुष्यात कधीतरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते. अनेक देशांतल्या आरोग्य पाहण्यांत विचारतात, स्वयंपाक करपला, बायको न सांगता बाहेर गेली, तर नवऱ्याने मारणं योग्य का? कितीतरी बायकाच 'हो' म्हणतात. मला याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

मुलांच्या बाबतीत तर माराला 'वळण लावणं' असं गोंडस नाव आहे. स्वीडनने १९७९ मध्ये पालकांनी मुलांना मारण्यावर बंदी घातली, जगात पहिल्यांदा. ती माहिती दुधाच्या खोक्यांवर छापली. म्हणजे ती घरोघरी जेवणाच्या टेबलावर पोचली, मुलांनीही वाचली, आणि शेजाऱ्यालाही हे माहीत आहे हे प्रत्येकाला कळलं. युगांडात कंपालाच्या वस्त्यांमध्ये 'सासा!' उपक्रमात तिथल्याच रहिवाशांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बायकांना होणाऱ्या मारहाणीबद्दल बोलणं सुरू केलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा वस्त्यांमध्ये मारहाण योग्य मानणाऱ्या बायका कमी आढळल्या.

मी आता आवाज आला की बेल वाजवते. 'तुमच्याकडे पाणी येतंय का?' एवढं निमित्तही पुरतं. धोका वाटला तर एकटीने जाऊ नका, पोलिसांना फोन करा. पहिल्यांदा वाजवली तेव्हा माझे पाय लटपटत होते. मागे पाहिलं, तर समोरच्या दारातही कुणीतरी येऊन उभं होतं.